मागचे दात

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी वाळूच्या टेकडीच्या मध्यावर बसली. इंजिनाला धाप लागली, आवाज खोल गेला आणि बंद झाला. मिस्त्रीच्या मुलीने हेल्मेट काढलं आणि खाली उभ्या असलेल्या बापाकडे बघून दोन्ही हात पसरले.

दहा वाजता याच टेकडीवर परीक्षा होती. किनाऱ्यावरच्या बचाव पथकात चालकाची एकच जागा होती आणि उमेदवार दोन: मिस्त्रीची मुलगी आणि तिच्या मामाचा मुलगा. आपापली चारचाकी वाळूगाडी आणायची, मागे स्ट्रेचरवर ऐंशी किलोची पोती बांधायची आणि एका दमात माथा गाठायचा. अडकला तो बाद; दोघेही पोहोचले तर कमी वेळ घेणारा पास.

मिस्त्रीने आधी टायर पाहिले. ते त्याने स्वतः निवडले होते. पॅडल टायर, वल्ह्यासारख्या आठ-आठ रबरी पट्ट्यांचे. मेहुणा, म्हणजे मुलीचा मामा, दहा पट्ट्यांचे गळ्यात मारायला बघत होता. जास्त पट्ट्या जास्त वाळू उपसतात खरं, पण तेवढा दम इंजिनात हवा. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. टायरवरचे बाण बरोबर दिशेला होते. मग तो गुडघ्यांवर बसला, मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीच्या, एका दाताला खडू लावला आणि मोजू लागला.

छत्तीस. पुन्हा मोजले. छत्तीसच. हवे होते चाळीस.

वाळूत वेगाचं काम नाही, ओढ लागते. त्यासाठी पुढचं स्प्रॉकेट लहान करतात, नाहीतर मागचं मोठं. इथे मागचंच लहान झालं होतं, नेमकं उलटं. हे काम मंगळवारी मेहुण्याच्या दुकानात झालं होतं, आणि मेहुणा वीस वर्षं स्प्रॉकेटच विकत होता.

गाडी गॅरेजात आणून मिस्त्रीने फोन लावला.

"मागे काय बसवलंस?"

"छत्तीस. तुम्हीच सांगितलंत की, भाऊजी."

"मी? मी काय खुळा आहे?"

"ते मी कसं सांगू? स्वतःचा मेसेज ऐका."

मिस्त्रीने ऐकला. ग्राइंडरच्या घरघरीत त्याचाच आवाज होता: 'मागे केले तसे दात कमी कर. पोरीची परीक्षा आहे.'

"अरे, मागे म्हणजे मागच्या वर्षी! पुढचं चौदाचं काढून तेराचं बसवलं होतंस, तसं!"

"मला काय स्वप्न पडणार होतं? मागे म्हणजे मागे. चाळीसचं घेऊन येतो. जपून ठेवलंय. मला ठाऊक होतं, परत लागणार."

फोन बंद झाला. मिस्त्री त्या शेवटच्या वाक्यावर अडला. ठाऊक होतं, तर बदललं कशाला?

मुलीने मेसेज दोनदा लावून ऐकला. "बाबा, मलाही मागच्या चाकाचंच वाटलं असतं."

"तुझा नाही वीस वर्षांचा धंदा. त्याचा आहे."

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "लग्न झाल्यापासून माझ्या माहेरच्यांचे दात मोजताय. अजून मोजून झाले नाहीत?"

"लोक एकमेकांना मामा बनवतात, हे ऐकलं होतं. मामाच बनवतो, हे आज पाहिलं."

"हे बघा, तो विसरभोळा असेल, पण वाईट नाही."

विसरभोळा! मिस्त्रीने चेन हातात घेतली. चार दात कमी केल्यावर चेन सैल पडते, म्हणून तिच्या दोन कड्या काढल्या होत्या. पिना सफाईने ठोकलेल्या, कडा घासून गुळगुळीत. चूक करणारा माणूस इतक्या निगुतीने चूक करतो? आणि आणखी एक. सोमवारी मेहुण्याच्या दुकानासमोर भाच्याची, त्याच्याच मुलाची, गाडी उभी होती. तिला पुढे तेराचं होतं. मिस्त्रीने येता-जाता मोजलं होतं, सवयीने.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मामा मोटरसायकलवरून उतरला. हातात स्प्रॉकेट आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर पेनाने लिहिलं होतं: 'भाची – दोन कड्या'.

"पोराला सोमवारी तेराचं लावलंस," मिस्त्री म्हणाला, "तेव्हा बरं आठवलं."

"त्याने त्याचं बसवलं. मी हातही लावला नाही. विचारा त्याला."

"तो काय सांगणार? बापाचंच सांगणार."

"मग विचारू नका. भाऊजी, पन्नास मिनिटं आहेत. भांडायचं की बसवायचं?"

मिस्त्रीने मागच्या वर्षीचं तेराचं आपल्या खणातून काढून पुढे बसवलं. मग मेहुण्याने आणलेलं मागचं स्प्रॉकेट उजेडात धरलं, खडू लावला. चाळीस. पुन्हा चाळीस. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा मुलगी ओरडली, "बाबा, दात काय उगवणार आहेत का आता?"

"तुम्ही मोजत बसा," मामा म्हणाला. स्प्रॉकेट चढलं तसा तो चेनजवळ बसला. "कड्या मी जोडतो. दोन लॉक आहेत."

कड्या जोडणाऱ्या चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवायचं असतं. उलटं बसलं तर ओढ पडल्यावर क्लिप उडू शकते आणि चेन सुटते. हे मिस्त्रीला पाठ होतं, मेहुण्यालाही. पण गाडी टेकडीखाली उभी करेपर्यंत मिस्त्री दातांचाच विचार करत होता.

दहा वाजता भाचा निघाला. दहा वाजून तीन मिनिटांनी माथ्यावरच्या परीक्षकाने पोहोचल्याचा पांढरा झेंडा उचलला. वेळ लिहिली गेली.

दहा वाजून नऊ मिनिटांनी मुलगी निघाली. पट्ट्यांनी वाळू चावली. सकाळी बसली होती ती जागा गाडीने न अडखळता ओलांडली. मामाने शिट्टी मारली.

"बघितलंत, भाऊजी?"

"क्लिप कुठल्या तोंडाने लावल्यास?"

मामा वर बघत राहिला. "बरोबर लावल्यात."

"दोन्ही?"

"तुम्ही समोरच होतात ना?"

मिस्त्री समोर होता. बघत नव्हता.

माथ्याच्या जरा खाली टेकडीला एक वळसा आहे. तिथे गाडी खालून दिसत नाही. दहा वाजून अकरा मिनिटांनी ती त्या वळशाआड गेली. बाराव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज थांबला. माथ्यावर पोहोचल्यावरही गाडी बंदच करायची असते.

दहा वाजून चौदा मिनिटं झाली तेव्हा परीक्षक वळशाच्या दिशेने दोन पावलं चालत गेला होता. झेंडा त्याच्या हातात, खालीच होता.