बंद पडणं वेगळं

रॅपच्या सामन्याला परीक्षक म्हणून मलाच का बोलावतात, असं नवी माणसं विचारतात. मी गाडी शिकवणारी बाई. एके काळी याच मंचावर मी भल्याभल्यांची बोलती बंद केली आहे, पण ते जुनं झालं. आता मला सगळे ब्रेकमावशी म्हणतात, कारण शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. दोन्हीकडे नियम एकच. माणूस तोंडाने कितीही फुशारक्या मारो, वळण आलं की त्याचं खरं काय ते कळतं.

त्या रविवारी दुपारी टायरच्या गोदामात अंतिम सामना होता. पोरंपोरी टायरच्या थप्प्यांवर चढून बसली होती आणि रबराचा वास डोक्यात जात होता. माझ्या जोडीला परीक्षक म्हणून रेडिओ होता, म्हणजे रेडिओवर बातम्या वाचणारा गृहस्थ. त्याला सगळे नियम तोंडपाठ. आमचं पटलं नाही तर शेवटचा शब्द माझा, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून घेतलं होतं.

मंचावर रणगाडा आणि टाचणी. रणगाडा कुरिअरची व्हॅन चालवतो. त्याला गाडी मीच शिकवली, माझा अर्धा क्लच त्यानेच जाळला. टाचणी शिंप्याची मुलगी, अंगाने काडी आणि जिभेने कात्री. जो जिंकेल तो रॅपवाल्यांच्या एका मोठ्या ताफ्याबरोबर वर्षभर दौऱ्यावर जाणार होता. रणगाडा हरला असता तर पुढच्या वर्षी परत आला असता. टाचणीला पुढचं वर्ष नव्हतं. तिच्या बापाने सकाळी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आज हरलीस तर हे थेर बंद. उद्यापासून गपगुमान दुकानात मशीनवर बसायचं."

तो बाप मागच्या दाराशी उभा होता, गळ्यात टेप, हाताची घडी. लेकीला हरताना बघायला हा दुकान बंद करून आलाय, असं मला वाटलं आणि मनस्वी राग आला.

टाचणीने सुरुवातच झणझणीत केली.

"नाव रणगाडा, आवाज मोठा, आत सगळा भुसा,
आईने डोळे वटारले की होतो भित्रा ससा!"

गोदाम डोक्यावर घेतलं लोकांनी. शेवटच्या फेरीपर्यंत ती एका गुणाने पुढे होती. मग रणगाड्याची पाळी आली. तो अगदी तिच्या नाकासमोर जाऊन गरजला:

"टाचणी म्हणते धारदार मी, टोचते सगळ्या गावाला,
दुकानाबाहेर पाऊल टाक..."

आणि पुढचं गेलं. साफ गेलं. तो छताकडे बघायला लागला, जणू ओळ तिथे कुणी टांगून ठेवली होती. असं झालं की लोक पाचपासून उलटे आकडे मोजतात. शून्य झालं की माणूस बाद. टाचणीने फक्त गप्प उभं राहायचं होतं. दोन आकडे उरले होते, आणि ही बया बोलली!

"कुत्रं विचारेना नावाला!"

स्वतःवरचीच शिवी स्वतः पूर्ण केली. लोक हसून हसून टायरवरून घसरले. रणगाडासुद्धा हसला. रेडिओ तेवढा हसला नाही.

"समोरच्याच्या पाळीत तोंड उघडलं, मावशी. एक गुण कापायचा."

नियम नियम आहे. मी कापला. कापताना जीव तुटला, पण कापला. "कशाला बोललीस गं?" मी तिला विचारलं.

"ओळ अर्धवट लोंबकळत होती. मला नाही बघवत," ती म्हणाली. "उसवलेलं कुणी तसंच घरी पाठवतं का?"

मागे बापाच्या हाताची घडी सुटली. ते मी पाहिलं.

गुण बरोबरीत आले. अशा वेळी परीक्षकाने विषय द्यायचा आणि दोघांनी त्यावर जागेवर दोनच ओळी म्हणायच्या. समोर शिंप्याची टेप दिसली, म्हणून मी म्हणाले, "माप." रणगाड्याला काही अवघड नव्हतं, त्याला कुठलाच पट्टा पुरत नाही. त्याने स्वतःच्याच पोटावर ठीकठाक दोन ओळी जुळवल्या आणि टाळ्या घेतल्या.

टाचणी पुढे आली. आवाज चढवला नाही.

"सगळ्या गल्लीची मापं, बाबा, तुमच्या ध्यानात,
माझं माप घेऊन सांगा..."

आणि थांबली. लोकांनी मोजायला सुरुवात केली. पाच. चार. रेडिओ माझ्या कानाशी पुटपुटला, "गेली." मी म्हटलं, "गप्प बसा." तिची नजर छताकडे गेली नव्हती. ती सरळ मागच्या दाराकडे बघत होती. तीन. दोन. सगळं वर्ष, सगळा दौरा तिने त्या एका माणसाच्या हातात देऊन टाकला होता.

"मावत नाही ही दुकानात!"

आवाज दारातून आला. शिंप्याचा. स्वच्छ, तालात, एका मात्रेचाही फरक नाही. मशीनशेजारी बसून लेकीचं पुटपुटणं वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या माणसालाच ते जमतं.

जो कल्ला झाला त्यात रेडिओचं "बाहेरची मदत! ती अडकली होती!" मला जेमतेम ऐकू आलं.

"प्रेक्षकांचं तोंड बांधायचा नियम आपल्याकडे नाही," मी म्हणाले. "आणि ती अडकली नव्हती, थांबली होती. गाडी नुसती थांबलीय की बंद पडलीय, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. टाचणी जिंकली."

सगळ्यात आधी रणगाड्यानेच तिचा हात वर केला.

शिंपी गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. गळ्यातली टेप उगाचच गुंडाळत होता.

"मी काही तिची बाजू घेतली नाही हं, मावशी," तो म्हणाला. "शिंपी आहे. माप विचारल्यावर खोटं सांगता येत नाही."