पाळण्याला ढोलकी

नेहाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, मुलीचं नामकरण रविवारी होतं आणि पाळणा आईच्याच आवाजात हवा, असा नेहाचा हट्ट. आई जाऊन काही वर्षं झालेली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती, मी तान्हा असताना वडिलांनी भरलेली. तिच्यावर ढोलकी चढवली की बायकांना सोबत गाता येईल. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण चाकणच्या कंपनीतून दमून आल्यावर घरी रेकॉर्डिंगचे उद्योग करणारा मीच.

कंपनीची गुरुवारची सुट्टी, म्हणून माझा मित्र संघर्ष ढोलकी घेऊन पिंपरीहून आमच्या रावेतच्या घरी आला. कॅसेटमधली कुरकुर काढून मी आवाज अगदी स्वच्छ करून ठेवला होता आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. सॉफ्टवेअरला वेग सांगितला की ते टकटक असा ठोका तयार करतं, तो हेडफोनमध्ये ऐकत वाजवायचं. सोपं काम. पण दुसऱ्याच ओळीला ढोलकी पुढे आणि आई मागे.

"काकी ताल सोडतायत राव," संघर्ष म्हणाला.

मला राग आला. त्या भरात मी आईचा आवाजच ओढूनताणून ठोक्यावर बसवला. ऐकलं. ती आई नव्हतीच, कुणीतरी कवायत करत होतं.

"कॅसेट होती तशी लाव बरं," संघर्ष म्हणाला.

लावली. मी काढून टाकलेली कुरकुर पुन्हा ऐकू आली. ती कॅसेटची नव्हतीच. पाळण्याची कडी वाजत होती. आई झोका देत देत गात होती.

प्रत्येक कुरकुरीवर मी खूण केली आणि सॉफ्टवेअरला त्या खुणांवरूनच ठोका तयार करायला सांगितलं. त्यानं केला. आई एकाही अक्षराला चुकली नव्हती. मला झोप लागत गेली तसा तिनं झोका हळू केला होता आणि झोक्याबरोबर गाणं. मला स्क्रीनपुढे हात जोडावेसे वाटले.

संघर्षनं वाजवायला घेतलं. आता ढोलकी आईचं बोट धरून चालली होती. शेवटच्या कडव्यात ठोके विरळ झाले, मग थांबले. आई मात्र गात राहिली, अगदी हळू आवाजात. संघर्षनं ढोलकीवरचा हात उचलला.

"अरे, गाणं बाकी आहे. वाजव की."

त्यानं मान हलवली.

"नाय भावा," तो कुजबुजला. "पोरगं झोपलंय."