आतल्या बाजूची मूठ

सकाळपासून धाकटीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आज तिची खोली उभी राहिली होती! कागदावरची नव्हे, खरीखुरी, प्लायवूडची, गोदामाच्या मधोमध. बायकांच्या नव्या तुरुंगासाठी तिने आखलेली, नमुन्याची खोली. मोठी खिडकी, खिडकीशी बसायला कट्टा, भिंतींना फिकट पिवळा रंग, आणि दाराला आतून मूठ. दिवसा बाईने आपल्या हाताने दार उघडायचं आणि अंगणात जायचं. कुलूप काय ते रात्री.

खिडकीला कुणाची हरकत नव्हती. घोडं अडलं होतं ते मुठीपाशी. "आजवर कुठल्या तुरुंगात आतून मूठ बघितलीत?" अधीक्षकबाई प्रत्येक बैठकीत विचारायच्या. त्यांच्या होकाराशिवाय गाडं पुढे सरकणार नव्हतं, आणि आज त्या खोली बघून काय ते कायमचं सांगणार होत्या.

धाकटीने हट्टाने ताईलाही आणलं होतं. ताई तुरुंगातून सुटून घरी आली ती एक सवय घेऊनच. बंद दार दिसलं की ती त्याच्यासमोर थांबायची, हात खाली सोडून, कुणीतरी उघडेल म्हणून. आई म्हणायची, रुसलीय. रुसते कसली! इतकी वर्षं तिचं प्रत्येक दार दुसऱ्याच कुणीतरी उघडलं होतं. धाकटीच्या डोक्यात मूठ शिरली ती तिथूनच. पण बहिणीचं दुःख चव्हाट्यावर मांडणं जिवावर यायचं, म्हणून बैठकीत ती कधी बोलली नाही.

अधीक्षकबाई आल्या. पर्स बाहेरच्या टेबलावर ठेवून धाकटीबरोबर आत शिरल्या, कट्ट्यावर बसून पाहिलं.

"छान आहे हो. दार लावा बघू, त्याशिवाय अंदाज यायचा नाही."

धाकटीने उत्साहाच्या भरात कडेला धरून दार ओढलं. खट्!

"आणि ही बघा मॅडम, आपली..." तिने हात पुढे केला. दार सपाट होतं. मूठ नव्हतीच.

बाकी सगळी खोली तिने नव्याने काढली होती. दाराचं चित्र मात्र जुन्या तुरुंगाच्या नकाशातून उचललं होतं, मूठ नंतर घालू म्हणून. ती घालायची राहूनच गेली, आणि सुताराने नकाशाबरहुकूम मूठ फक्त बाहेरून बसवली. जिच्यासाठी वर्षभर भांडली तीच विसरली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं.

"सुताराला बोलवा."

"चहाला गेलाय."

"मग फोन करा."

"टेबलावर राहिला. तुमचाही."

खिडकीला गज होते, शेवटी तुरुंगच तो. अधीक्षकबाईंनी दार ढकललं, मग खांदा लावला. आयुष्यभर किल्ल्यांचा जुडगा वागवलेली बाई दाराच्या या बाजूला पहिल्यांदाच उभी होती. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बाहेर कुणी आहे की नाही?"

होतं. ताई होती. दारासमोरच, हात खाली सोडून.

"ताई!" धाकटी ओरडली. "दार उघड गं!"

"मी?"

"तूच! मूठ तुझ्या बाजूला आहे."

"मी उघडलं तर कुणी रागावणार नाही ना?"

अधीक्षकबाईंचा हात दारावर तसाच राहिला. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान खाली घातली. आता सांगायचं काही उरलं नव्हतं.

"कुणी नाही रागावणार," अधीक्षकबाई हळूच म्हणाल्या. "उघडा तुम्ही."

मूठ अर्धी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. दार उघडलं. समोर ताई, आपल्याच हाताकडे बघत असलेली. धाकटीने तिला अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या.

सुतार परतला तेव्हा अधीक्षकबाई दारातच उभ्या होत्या. "आतून मूठ बसवा. आत्ता, माझ्यासमोर."

"म्हणजे मॅडम, मंजूर?" धाकटीचा आवाज चिरकला.

"सगळ्या दारांना."

मूठ बसली. कुणी न सांगता ताई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. खट्! आतून तिचं हसू ऐकू आलं. सुतार दार उघडायला पुढे झाला, तर अधीक्षकबाईंनी त्याचा हात धरला.

"थांबा. दार त्यांचं आहे."

मग तिघंही दारासमोर थांबली, हात खाली सोडून, ताई उघडेल म्हणून.