मुठीतला रंधा

हळर्णच्या सगुण मेस्त या सुताराला लोक खुर्च्यांचा वैद्य म्हणत. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत जुन्या घरांतून ज्या वोल्तेर होत्या, म्हणजे त्या लांब हातांच्या, वेताने विणलेल्या शिसवी आरामखुर्च्या, त्यांतल्या निम्म्या तरी त्याच्या हाताखालून गेलेल्या. खुर्चीचा हात मोडला की मोडलेला तुकडा पिशवीत घालून लोक त्याच्याकडे येत. सगुण नवा तुकडा असा बेमालूम बसवी, की पुढे घरच्यांनाच जोड सापडत नसे.

गेल्या वर्षी, गणपती तोंडावर आले असताना, डिचोलीतल्या एका ओळखीच्याच्या कारखान्यात दारांची घाई होती म्हणून तो चार दिवस मदतीला गेला. तिसऱ्या दिवशी यंत्राच्या करवतीवर फळी पुढे सरकवताना लाकडातली गाठ आडवी आली. फळी उसळली आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं दुसऱ्या पेरापासून गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. मालकाने स्वतः गाडी काढून त्याला इस्पितळात नेलं, बरं होईपर्यंत दर आठवड्याला येऊन बसला. सगुणने कधी कुणाला बोल लावला नाही. माझंच ध्यान नव्हतं, एवढंच म्हणायचा.

जखम भरली. डाव्या हाताने जेवायला तो शिकला, शर्टाची बटणंही लावायला लागला. हातोडी कशीबशी धरता येई. पण रंधा धरता येईना. रंध्याला मागून तळव्याचा रेटा लागतो आणि पुढून बोटांचा लगाम. दोनदा त्याने प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी रंधा सुटून लाकडाच्या कडेत असा रुतला, की मोठी ढलपी निघून आली. त्या दिवशी त्याने मागीलदारची कामाची खोली बंद केली, ती बंदच राहिली. आत पांढऱ्या चादरीखाली पेडण्याच्या विनोदिनीबाईंची वोल्तेर होती, उजवा हात मोडलेली. अपघाताच्या पंधरा दिवस आधी त्यांनी ती पाठवली होती. नऊ महिने झाले, त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते न विचारणंच सगुणला फार लागत होतं.

त्याची बायको आनंदी अंगणवाडीत मदतनीस होती. ती त्याला काही म्हणायची नाही. फक्त आठवड्यातून एकदा ती खोली उघडायची, झाडून घ्यायची, भिंतीवर टांगलेल्या रंध्यांवरून फडकं फिरवायची आणि पुन्हा कडी लावायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दारात स्कूटर थांबली. पंचेचाळिशीचा एक धिप्पाड माणूस उतरला.

"मेस्त घरात आसत काय? मी साळचो धाकू. शिसमाचो सुको तुकडो होयो होतो, रंदो करूक."

धाकू मूळचा दोडामार्गाकडचा. खनिजाचा टिपर चालवायला म्हणून साळला आला आणि तिथलाच झाला. खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर घराशेजारी उभा राहिला तो राहिलाच. हाताला काम नाही म्हणून त्याने एकदा गाडीच्या कमानीचा मोडका पाटा कापला, भट्टीत तापवला, पाणी पाजलं आणि त्याचं रंध्याचं पातं केलं. ते इतकं छान लागलं, की मग तो थांबलाच नाही. आता तो लहान लहान रंधे करायचा. काही तर चुन्याच्या डबीएवढे. मूर्तिकार, वाद्यं दुरुस्त करणारे, लाकडी खेळणी करणाऱ्या बाया, असे कोण कोण त्याच्याकडून घेऊन जात.

आनंदीने खोली उघडून दिली. धाकूने शिसमाचा तुकडा निवडला, पण त्याची नजर भिंतीवरच्या रंध्यांवर खिळली. सगुण उंबऱ्यात उभा होता, उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलात लपवून. नव्या माणसासमोर तो नेहमी तसंच करायचा.

धाकूने खिशातून एक रंधा काढून पुढे केला. "बगा धरून."

"माका धरूक येना नाय," सगुण तुटकपणे म्हणाला.

"ता आयकलंय मी. हात दाखवा बगू."

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. लोक हाताकडे बघायचे टाळत, नाहीतर बघून चुकचुकत. सगुणने टॉवेल काढला, का काढला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. धाकूने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, जसा त्याने कधी काळी गाडीचा गिअर खोलून पाहिला असेल.

"अंगठो पुरो वळता?"

"वळता."

"करंगळी माज्या बोटार दाबा. आजून. जोर आसा की. तळवो तर आक्खो शिल्लक आसा." मग तो वळून म्हणाला, "वयनी, कणकेचो एक गोळो देशात?"

आनंदी चपात्यांची कणीक मळतच होती. "कित्याक?"

"मेस्तांची मूठ घेवन जातंय."

सगुणने गोळा मुठीत दाबला. तळव्याचा खळगा, अंगठ्याची खूण, करंगळीचं वळण आणि तीन थोट्या बोटांचे तीन खड्डे कणकेत उमटले. धाकूने तो गोळा आनंदीच्या डब्यात अलगद ठेवला, शिसमाचा तुकडा घेतला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी तो रंधा घेऊन आला. रंधा कसला, कोवळा नारळच होता. सगुणच्या मुठीत तो मावेना. धाकू डोकं खाजवत राहिला. साळला रात्रभर डब्यात राहून कणीक आंबून फुगली होती आणि त्याने फुगलेल्या मुठीच्याच मापाने रंधा घडवला होता. आनंदी आधी हसली. मग धाकू हसला. शेवटी सगुणलाही हसू आवरेना. घरात असं हसू किती दिवसांनी झालं, ते आनंदीने मनात मोजून पाहिलं आणि पदराने डोळे टिपले.

"चिकणमाती आणतंय," धाकू म्हणाला. "माती फुगूची नाय."

दुसरा रंधा मातीच्या ठशावरून झाला. तो किंदळाच्या लाकडाचा होता. मागची बाजू गोल, तळव्यात चपखल बसणारी. अंगठ्याला एका बाजूला खळगा, करंगळीला दुसऱ्या बाजूला आकडा. थोट्या बोटांना कुठेच लाकूड लागत नव्हतं. सगुणने तो हातात घेतला. हात पुरा असल्यासारखं वाटलं.

त्याने शिसमाच्या एका तुकड्यावर रंधा ओढला. रंधा हातातून सुटला नाही, पण लाकडाचे रेषे उचकटून आले. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. सगुणने रंधा उलटा करून तळ बघितला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्या तोंड कोणी काढला?"

"मीच."

"तोंड आसा की वेशीचो दरवाजो? पात्यापुढे एवडी फट कोण ठेयता? आणि शिसमाक पाता आडवा चलना नाय. जरा उभा होया." सगुणचा आवाज चढला होता. "पाता तुजा चांगला आसा. एवडा चांगला पाता माज्याकडे पण नाय. त्येका तू असल्या खोक्यात घातलंस."

"मी ड्रायव्हर माणूस," धाकू शांतपणे म्हणाला. "माका लोखांड कळता. लाकूड कोण शिकवतलो?"

सगुण खोलीत शिरला. खैराची एक बारीक पट्टी शोधून काढली. रंध्याच्या तोंडापुढे तिचं ठिगळ मारायचं, म्हणजे फट कमी होईल. डाव्या हाताने त्याने पटाशी धरली, उजव्या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या चिमटीत पट्टी पकडली, आणि थोडं थोडं तासत, उजेडाकडे धरून बघत, पुन्हा तासत, तो पट्टी बसवत राहिला. मधे धाकूला पात्याचा उतार कसा धरायचा ते सांगत होता, पेन्सिलने लाकडावर रेघ ओढून दाखवत होता. धाकूला कळलं का ते बघायला त्याने मान वर केली.

धाकू त्याच्या उजव्या हाताकडे बघत होता. दारात आनंदी उभी होती, तीही तिकडेच बघत होती.

सगुणने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तासभर तो काम करत होता आणि त्या तासात त्याला बोटांची आठवणसुद्धा झाली नव्हती. तो आनंदीला म्हणाला, "चाय टाक गो. धाकूक पाव दी. सकाळपासून उपाशी आसा तो."

ठिगळाने फट कमी झाली, पण पात्याचा उतार काही सुधारेना. तेव्हा तिसरा रंधा दोघांनी मिळून केला. लाकूड सगुणने निवडलं, तोंड त्याने कोरलं. पातं धाकूने घडवलं, पाचर दोघांनी भांडून भांडून बसवली. वोल्तेरचा हात खालून बाकदार असतो, म्हणून रंध्याचा तळही किंचित होडीसारखा ठेवला. जून उजाडला तेव्हा त्या रंध्यातून शिसमाचा पहिला अखंड छिलका निघाला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. सगुणने तो उचलून आनंदीच्या तळहातावर ठेवला. तिने तो जपून पदरात बांधला.

मग त्याने चादर काढली. पूर्वी जे काम आठवड्याचं होतं त्याला सव्वा महिना लागला. हात दुखे, ठणके, संध्याकाळी आनंदी खोबरेल चोळून देई. पण रोज सकाळी तो खोलीत जाई आणि जेवायला हाक मारावी लागे.

आषाढातल्या एका उघडिपीच्या दिवशी त्याने टेंपो ठरवला आणि धाकूला बोलावून घेतलं. "खुर्ची पोचवूक तू वांगडा ये."

विनोदिनीबाई शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. ओसरीवर खुर्ची ठेवली तशा त्या बाहेर आल्या. नव्या हातावरून त्यांनी बोटं फिरवली, एकदा वरून, एकदा खालून. मग त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांवर हात टेकले.

"जोड कुठं आहे रे सगुण?"

"तुमीच सोदा बाई."

त्यांना सापडला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझे वडील शेवटची सहा वर्षं ह्याच खुर्चीत बसायचे. पण तुला विचारायला मन होईना. वाटायचं, विचारलं तर तुला वाईट वाटेल. न विचारता राहिले, तेही बरोबर नव्हतं बहुतेक."

"नाय बाई. तुमी दुसऱ्याकडे दिलात नाय, ताच माका पुरे झाला," सगुण म्हणाला. त्याने खिशातला रंधा काढून त्यांच्या हातात दिला. "हेच्यान काम केलंय. ह्यो ह्येणी केलो. धाकू म्हणतत. साळचो."

विनोदिनीबाईंनी चष्मा नीट केला. रंध्याच्या पाठीवरचा तो विचित्र खळगा, तो आकडा त्यांनी निरखून पाहिला, सगुणच्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि धाकूला त्यांनी हात जोडले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याला कुठे बघावं कळेना. "मी खंय, मेस्तानीच तोंड काढला," असं काहीतरी पुटपुटून तो टेंपोकडे चालू लागला.

परतीच्या वाटेवर पाऊस पुन्हा सुरू झाला. ड्रायव्हरने एका हॉटेलापाशी टेंपो थांबवला. दोघं आत जाऊन बसले, पाव-भाजी मागवली. सगुणने सकाळपासून मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. आता त्यातले आभाराचे तीनच शब्द बाहेर आले.

"धाकू," तो म्हणाला, "देव बरें करूं."

धाकूने मान हलवली.

"पण तू ह्या केलंस कित्याक? माजी तुजी वळख नाय, पाळख नाय. तीन तीन येळा फेऱ्यो मारलंस."

धाकूने पाव मोडला आणि जरा विचार केला. "खरा सांगू? माका रंदे करूक येयत. पण गिऱ्हाईक येयत, आवडलो तो उचलून घेयत, जायत. तुमचो हात बगितलो आणि वाटला, ह्यो रंदो माज्याशिवाय ह्या माणसाक खंय गावचो नाय. असा माका गाडी बंद पडल्यापासून वाटला नव्हता. म्हणान देव बरें करूं मीच म्हणूक होया."

सगुण त्याच्याकडे बघत राहिला. नऊ महिने आपला हात कुणाच्या काही कामाचा उरला नाही असं तो धरून चालला होता. आणि ह्या माणसाला त्याच हाताने काम दिलं होतं. त्याने आपल्या ताटलीतली भाजी अर्धी धाकूच्या ताटलीत सारली. धाकूने नको म्हटलं नाही.

आता दर सोमवारी सगुण पहिल्या बसने साळला जातो. धाकू पाती घडवतो, सगुण तोंडं कोरतो आणि उतार धरतो. गेल्या महिन्यात वाळपईची सायली म्हणून एक मुलगी आली होती. तिचा डावा हात जन्मापासून मनगटाशीच संपलेला. तिला लाकडाचे डाव आणि पळ्या करायच्या आहेत. ती दारातच घुटमळली, ओढणीआड हात लपवून.

सगुण बाकावरून उठला. स्वतःचा उजवा हात तिच्यापुढे धरून म्हणाला, "ये गो बाय, बस. आमका दाखव बगू, तुजो हात कसो आसा तो."

ती हसली आणि येऊन बसली.