नजरेचं माप

"आठ फूट," क्रेनवाला म्हणाला. "टेप कशाला काढताय? एकतीस वर्षं नजरेवर माल उतरवलाय मी."

टेप निघालाच. गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन मापं घेतल्याशिवाय हा विक्रेता ट्रॅक्टर विकायचा नाही. शोरूममध्ये त्याला टेपवालाच म्हणत आणि मालक कपाळाला हात लावी.

फाटक: सहा फूट दोन इंच.

क्रेनवाल्याने टेप डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग लांब धरून.

"ताणलाय तुमचा टेप."

"पत्र्याचा आहे, काका. रबराचा नाही."

झाडांच्या रांगांमधलं अंतर: फांद्या सोडून सात फूट.

क्रेनवाल्याने निवृत्तीनंतर घेतलेली जागा. दीड एकर फळझाडं, मागे बायकोची भाजी. त्याला हवा होता पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा. चोवीसचं नाव काढताच तो हसला.

"ते खेळणं? अहो, चाळीस टन उचललेत मी!"

"इथे गवत न् माती उचलायचीय, काका. पंचेचाळीसचा फाटकातून आला तर दोन्हीकडे दोन-दोन इंच उरतील. आणि झाडांत वळवणार कुठे?"

"दोन इंच मला पुष्कळ झाले."

पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या बायकोने मान वर केली.

"अहो, सकाळी चहा कपात ओतलात की ओट्यावर?"

शेडची उंची: कुणी मोजली नाही.

चालवणार:

खरं तर हे सगळ्यांत आधी विचारायचं. सीट, क्लच, सगळं त्यावर ठरतं. पण समोर एवढा जुना ऑपरेटर. टेपवाल्याने विचारलंच नव्हतं. आता 'स्वतः' लिहायला त्याने पेन टेकवलं.

क्रेनवाला फाटकाकडे बघत होता. उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते घरात दोघांनाच ठाऊक होतं.

"थांबा," तो म्हणाला. "हिला लिहा."

"मला?" शेंग बायकोच्या हातात तशीच राहिली. "मला धड सायकल येत नाही!"

"सायकलला तोल लागतो. याला चार चाकं आहेत."

तिने हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, "शिकवणार कोण?"

"मी काय मेलोय?"

तिचा पाय, क्लचपर्यंत: पंचेचाळीसवर चार बोटं कमी. चोवीसवर बरोबर.

हे शोरूममध्ये मोजलं. क्रेनवाल्याने स्वतः वाकून पाहिलं आणि मोठ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर एकदा थाप मारून तो बाहेर गेला.

आठवडाभर शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत तिने क्लच सोडून सोडून इंजिन बंद पाडलं. रोज तो शेजारी उभा राहून ओरडला. मग चोवीसचा ट्रॅक्टर टेम्पोतून घरी आला, रस्त्यावर उतरला, आणि ती सीटवर चढून बसली.

क्रेनवर तो वर असायचा. खालचा माणूस हाताने खुणा करायचा, तसा दांडा हलायचा. आज तो खाली होता. अंतर नीट कळत नव्हतं, म्हणून त्याने एक हात फाटकाच्या खांबावर टेकवला आणि दुसरा वर केला.

ये. ये. जरा उजवीकडे. ये.

मूठ मिटली. ती थांबली.

"किती राहिलं हो?" ती वरून ओरडली.

तो वाकला. खांब आणि चाक यांच्यामध्ये त्याने पंजा पसरून ठेवला.

"एक वीत," तो म्हणाला. "ये."