शिवेपलीकडचं लायसन

मुलांनो, जरा डोळे मिटा. लांज्याबाहेरचा सडा डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब काळा पडलेला जांभा दगड, त्यावर वाळलेलं गवत आणि कडेला एकच घर. खाली हायवे. या घरात चौथीतली मैना राहते. तिची आई वारली आहे. बाबा, म्हणजे महिपत, ट्रक चालवतात. ते फेरीवर गेले की ती दिवसभर घरात एकटी आणि रात्री उताराखालच्या गंगाकाकूंकडे झोपायला. खालून बाबांचा लांब हॉर्न ऐकू आला की ती धावत पायरीवर यायची.

त्या वर्षी महिपतची गाडी वळणावर उलटली आणि एका माणसाचा पाय मोडला. कोर्टाने पावसाळ्यापर्यंत त्याचं लायसन बंद केलं. बाबा घरी राहिले, पण बोलेनासे झाले. दिवसभर पायरीवर बसून हायवेकडे बघत. मैना शेजारी बसायची. दोघं असूनही घर रिकामंच वाटायचं.

शिमगा झाला आणि एका सकाळी महिपतने दोन गाठोडी बांधली.

"तू मंडणगडला आत्याकडे राहायचं. मी गोव्याला चाललो, खाणीवर ट्रक चालवायला."

"कधीपर्यंत, बाबा?"

"बघू."

तेवढ्यात जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक घेऊन मन्सूरचाचा आले. महिपतचा हा जुना दोस्त दोघांना लांज्याच्या स्टँडवर सोडणार होता.

"काय म्हैपतराव, बंदी असताना ट्रक चालवणार?"

"बंदी हितली. गोवा आता वेगळं राज्य झालंय. खाणीवरचा मुकादम तिकडचं नवं लायसन काढून देतो म्हणतो."

"आणि धरलं तर? थेट आत जाशील."

"कोण धरतोय? परवा बघितलंस ना, देवीची पालखी शिवेपर्यंत गेली नि परत फिरली. शिवेपलीकडं आपल्या देवीचा हुकूम चालत नाय. तसंच हे."

मैना हातातली लाल कांकणं फिरवत ऐकत होती. तिने विचारलं, "बाबा, ही कांकणं मडगावहून आणलीत, तेव्हा ट्रक तुम्हीच चालवत होता?"

"मग कोण?"

"लायसन कुठलं होतं?"

"आपलं रत्नागिरीचंच."

"तिकडच्या पोलिसाने अडवलं नाही?"

"अडवलं की. लायसन बघितलं नि सोडलं. ते सगळ्या देशात चालतं गो, वेडे."

"म्हणजे लायसन शीव ओलांडून जातं," मैना हळूच म्हणाली. "मग बंदी कशी शिवेवर थांबेल?"

महिपत गाठोड्याची गाठ पुन्हा आवळू लागला. मन्सूरचाचा मात्र खो खो हसले.

"घे! कोर्टात आता पालखीची साक्ष काढणार काय रे?"

"हसतोस कसला? हातात स्टेअरिंग नाय, तर मी करू काय?"

मन्सूरचाचांचं हसू मावळलं. "माझा क्लीनर पळाला. पावसाळ्यापर्यंत चल माझ्याबरोबर. रत्नागिरीला चिरे उतरवायचे नि संध्याकाळी घरी परत."

"मी? क्लीनर?"

"का? चाकामागं उटीचा दगड लावायला विसरलास?"

महिपतने आपलं गाठोडं परत घरात नेऊन ठेवलं. मग त्याने अंगातला ड्रायव्हरचा खाकी सदरा काढून खुंटीला अडकवला, साधा सदरा घातला आणि ट्रकच्या डाव्या, क्लीनरच्या बाजूने वर चढला. मागे वळून त्याने बघितलं नाही. मन्सूरचाचांनी हॉर्न दिला. तो हॉर्न बाबांचा नव्हता.

ट्रक दिसेनासा होईपर्यंत मैना पायरीवर उभी राहिली. मग आत जाऊन तिने मंडणगडचं गाठोडं सोडलं, आपले कपडे पुन्हा ट्रंकेत ठेवले आणि चूल पेटवली. एकटीपुरते तांदूळ पातेल्यात घेतले, क्षणभर थांबली आणि आणखी दोन मुठी टाकल्या.