गुनवोरच्या गाडीनं घाट कसा ओलांडला

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, ते मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी भुवया उचलल्या तर माझा वेळ जायला नको. आमच्या गावात एकदा बिशप आला होता, त्यालाही मी ही गोष्ट सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, की मी चर्चला शेवटचा कधी गेलो होतो.

परवा ती पुन्हा सांगायचा योग आला तो घाटाखालच्या चार्जिंगच्या थांब्यावर. तिथं एक खोली आहे, कॉफीचं मशीन आहे आणि वॅफल भाजणारी एक बाई आहे, जी कुणाशी बोलत नाही. गाड्या बाहेर वीज पीत असतात, माणसं आत कॉफी पितात, आणि एकमेकांकडे बघायचं नाही असा सगळ्यांचा अलिखित करार असतो. अशा ठिकाणी आपणहून बोलणारा माणूस एक तर पिलेला असतो नाही तर पाद्री. मी दोन्ही नाही, पण म्हातारा आहे. म्हाताऱ्याला चालतं.

समोर दक्षिणेकडचा एक तरुण बसला होता. स्टाइनार त्याचं नाव. बूट शहरी, चेहरा त्याहून शहरी. तो एकदा फोनवर गाडीची बॅटरी बघायचा, एकदा खिडकीबाहेर. वर वारा सुटला होता, बर्फ आडवा पडत होता, आणि घाटाचं फाटक कधी बंद होईल याचा नेम नव्हता. शेवटी त्यानं मलाच विचारलं, की विजेची गाडी असल्या थंडीत घाट चढते का, की आपलं मुकाट्यानं मागं फिरावं.

असा प्रश्न आपल्या पायानं चालत येऊन मांडीवर बसला, तर त्याला उठवायचं का? शिवाय माझी बायको गुनवोर समोरच्या दुकानात लोकर निवडत होती. ती एक लोकर निवडेपर्यंत मेंढीला नवी लोकर येते. मी खुर्ची पुढं ओढली.

म्हटलं, स्टाइनार, ऐक. आमची गाडी मुळात गुनवोरची. तिच्या बापाच्या बोटीत तिचा वाटा होता, तो विकून तिनं ती घेतली, आणि तीसुद्धा गावात कुणाकडे विजेची गाडी नव्हती तेव्हा. गाव हसलं. सगळ्यात जास्त हसला तिचा भाऊ हालवार. हालवार म्हणजे डिझेलवर वाढलेला माणूस, त्याला शिंक आली तरी काळा धूर येईल. तो त्या गाडीला दाढीचं मशीन म्हणायचा. रस्त्यात भेटला की हनुवटी पुढं करून विचारायचा, "टोरलाइफ, इथं जरा राहिलीय, फिरवतोस का?"

त्या वर्षी डिसेंबरात गुनवोर अंगणातल्या बर्फावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळ घाटापलीकडे. ऑपरेशन झालं, आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तिला सोडणार असं ठरलं. हालवारनं लगेच फोन केला. म्हणाला, मी माझ्या गाडीतून आणतो तिला, तुझं मशीन घाटात बसलं तर पोरीचा दुसरा खुबा जायचा. मी गुनवोरला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी माझ्या गाडीतून येईन. नाही तर इथंच राहीन, इथलं जेवण तुझ्यापेक्षा बरं आहे."

आता तू सांग, स्टाइनार. त्याच आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला चर्चच्या घंटा वाजतात, तिथून आमचा ख्रिसमस सुरू. त्या घंटांच्या आत बायको घरात पाहिजे, आणि तिच्याच गाडीतून आलेली पाहिजे. ती हालवारच्या गाडीतून उतरली असती तर गावानं ते तिच्या थडग्यावर कोरलं असतं. मी ठरवलं, चाकं असोत नसोत, गाडी पलीकडे जाणार.

पण आदल्या रात्री माझ्या हातून एक गोंधळ झाला. अंगणातल्या ख्रिसमसच्या झाडाच्या दिव्यांची वायर आणि गाडीची वायर शेजारीशेजारी लोंबतात. एरवी ते काम गुनवोरचं. मी अंधारात एक खोचली आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर झाड असं लखलखतंय की समुद्रातली जहाजं त्याच्याकडे बघून वळण घेतायत, आणि गाडी अर्धी रिकामी. मी रात्रभर झाड चार्ज केलं होतं.

स्टाइनार इथं जरा हसला. हसलेलं गिऱ्हाईक उठून जात नाही. मी पुढे निघालो.

घाटाच्या फाटकाशी आलो तर घाट रांगेनंच चालू होता. पुढे नांगरगाडी बर्फ लोटत जाणार, मागे गाड्यांनी एकमेकींची शेपटी धरून चालायचं. नांगरगाडीवर होता एइलिफ. आता तो हयात नाही. गोष्टीत साक्षीदार हवाच, पण तो शक्यतो गेलेला असावा. तर एइलिफ प्रत्येक गाडीच्या काचेशी यायचा, फावडं आहे का, गरम कपडे आहेत का, टाकी भरलीय का, आणि त्याला जो आवडला नाही त्याला परत पाठवायचा. माझ्या काचेतून त्यानं आत डोकं घातलं आणि बॅटरीचा आकडा शोधला. मी आकड्यावर हातमोजा ठेवला होता. त्यानं विचारलं, किती आहे. मी म्हटलं, पुरेल एवढी. तो म्हणाला, मी किती ते विचारलं, पुरेल का ते नाही. मी म्हटलं, "एइलिफ, पलीकडे गुनवोर आहे." त्यानं मला आपल्या गाडीच्या अगदी मागे, पहिला लावला. मरतोच आहेस तर माझ्या आरशात मर, असं काहीतरी पुटपुटला.

चढ लागला आणि थंडीनं बॅटरी अशी उतरायला लागली, जशी हालवारच्या घरी पाहुण्यांसमोरची बाटली. गाडी गरम करायचं बटण मी मुळी दाबलंच नाही. अंगात लोकरी कपड्यांच्या दोन जोड्या, वर मेंढीचं कातडं, आणि खिशात उकडलेले गरम बटाटे, दोन कोटाच्या, दोन पॅंटच्या. माझा श्वास काचेवर आतून गोठत होता, तो मी दुकानाच्या सवलतीच्या कार्डानं खरवडत होतो. ते कार्ड कधी कामाला आलं असेल तर त्या दिवशी. थोड्या वेळानं श्वास हवेतच गोठायला लागला आणि मांडीवर पडायला लागला. मी तो झटकत होतो आणि चालवत होतो.

नेमकं ह्याच वेळी खोलीचं दार उघडलं आणि थंडीचा एक लोट घेऊन रांगफ्रिड आत आली. सध्या घाटाची नांगरगाडी ती चालवते. टोपी काढली, वॅफल घेतलं, वर तपकिरी चीज ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसली. ती एइलिफची मुलगी. शहाण्या माणसानं इथं विषय बदलला असता. पण गोष्ट उताराला लागली की तिला ब्रेक नसतो, आणि स्टाइनारचं तोंड उघडं होतं.

मी आवाज थोडा खाली आणला. तर, म्हटलं, माथ्यावर पोहोचलो आणि रांग थांबली. समोर बर्फाचा घराएवढा ढीग. एइलिफ त्याला धडका देतोय आणि आम्ही बसलोय. माझा आकडा एकवर आला. एकाच्या खाली शून्य असतं, आणि शून्याच्या खाली हालवार. मी बटाटे खाऊन टाकले.

माझ्या मागं एका बाईची गाडी होती, तिच्यात बर्फावरची घसरगाडी ओढणारी बारा कुत्री. ती कुत्री अशी ओरडत होती की एइलिफनं खुणेनं सांगितलं, सोड बाई त्यांना एकदा. तिनं सोडली. आता कुत्र्याला वारा लागला की तो काय करतो? आडोसा शोधतो, बर्फ उकरतो आणि वेटोळं करून झोपतो. आडोसा एकच होता, गुनवोरची गाडी. बाराच्या बारा कुत्री खाली घुसली आणि गाडीच्या पोटाला पाठ लावून झोपली. आणि विजेच्या गाडीची बॅटरी असते कुठं? पोटात. ती गारठल्यामुळं तोंड मिटून बसली होती. तिला ऊब लागली तशी ती बोलायला लागली. एकाचे चार झाले. चाराचे अकरा. एक कुत्रा स्वप्नात पळायला लागला तेव्हा तर एकदम वीस.

"वीस," स्टाइनार म्हणाला.

मी म्हटलं, कमीच सांगतोय. त्यातली दोन म्हातारी होती, नाही तर पंचवीस झाले असते.

मग ढीग फुटला, कुत्री गाडीत गेली, आणि उतार लागला. उताराला ही गाडी स्वतःच वीज बनवते, ते तुला ठाऊक आहे. पण आमचा उतार तुमच्या दक्षिणेसारखा सभ्य नाही. अर्ध्यावर येईतो बॅटरी काठोकाठ. पुढं वीज ठेवायला जागाच नाही, आणि जागा नसली की ही गाडी मागं ओढून धरत नाही, मोकाट सुटते. म्हणून मी वीज उधळायला लागलो. दिवे लावले, काचेचे झाडू लावले, रेडिओ लावला, चारही बैठका तापवल्या, शेवटी खिडक्या उघडून गरम हवा बाहेर सोडली. दोन्ही बाजूंचा बर्फ वितळून ओहोळ वाहायला लागले. एइलिफनं आरशात बघितलं, गाडी कडेला घेतली आणि मला हातानं पुढं जायला सांगितलं. नांगराला कामच उरलं नव्हतं. पुढची वाट सबंध रांगेला मी काढून दिली, आणि तो मागं बसून मोजा विणत आला.

कोपऱ्यात रांगफ्रिडचं चावणं थांबलं होतं. मला ते ऐकू आलं. तरी मी निघालोच.

इस्पितळात पोहोचलो तर सगळीकडे काळोख. वादळात तारा तुटलेल्या. मी गाडीची वायर काढली आणि भिंतीतल्या भोकात उलटी खोचली. अख्खं इस्पितळ उजळलं. स्वयंपाकघरातली भाताची खीर पुन्हा उकळायला लागली. वरच्या मजल्यावर गुनवोर ज्या पलंगावर होती तो विजेवर वरखाली होणारा पलंग. तो आपसूक उठून बसला आणि त्याच्याबरोबर तीही. डॉक्टर म्हणाले, टोरलाइफ, तू दरमहा ये. गुनवोर कुबड्या घेऊन खाली आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठं ओरखडा आहे का ते बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. ती काय म्हणाली ते...

"म्हाताऱ्या, पुरे."

रांगफ्रिडनं खुर्ची वळवली होती. ती वॅफलचा शेवटचा तुकडा संपवत होती आणि घाईत नव्हती. स्टाइनारनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी घाट उघडलाच नाही," ती त्याला म्हणाली. "रांग नाही, कुत्री नाही, काही नाही. बाबानं सकाळीच फाटक लावलं आणि तो घरी आमच्याबरोबर बसून जेवला. मोजा तर त्याला घालतासुद्धा धड यायचा नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू फाटकाशी होतास. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, ख्रिसमसला, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडेपर्यंत. बाबा तीनदा सांगायला आला, घरी जा, ती इस्पितळात सुखात आहे. तू काच बोटभर खाली करायचास आणि म्हणायचास, रांगेत पहिला मी आहे. रांगेत दुसरं कुणी नव्हतंच, टोरलाइफ. ख्रिसमसच्या जेवणाचं, भाजलेल्या बरगड्यांचं ताट मी आणून दिलं तुला, हालवारनं बाटली पाठवली, आणि तुझं ते मशीन बंद पडू नये म्हणून बाबानं आमच्या गोठ्यातून वायर ओढली, बर्फावरून, पार फाटकापर्यंत. ती वायर अजून तुझ्याकडेच आहे."